पडवीतला तिसरा दिवस

“आई, पाणी वत की.”

मागच्या पडवीतून हाक आली आणि मीनाबाईच्या हातातली तपेली कलंडली. कढत पाणी उजव्या पावलावर सांडलं. ती ओरडली नाही. ओरडायचं राहूनच गेलं, कारण ती हाक हंबीररावाची होती. तसाच जाड, तळाशी जरा खरवडलेला आवाज, शेवटच्या ‘की’वर तोच हक्काचा रेटा. हंबीरराव जाऊन दोन वर्षं उलटली होती. तरी क्षणभर तिला खरंच वाटलं, की हा माणूस नेहमीसारखा अंगाला साबण फासून बसलाय आणि आपणच येड्यासारखं इतके दिवस मोकळं कपाळ घेऊन हिंडलो. मग दारातून संयू दिसली. सोळा वर्षांची पोर, बापाने मोठ्या हौसेने संयोगिता नाव ठेवलेली, घोंगड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. खांदे रुंद, मनगटं लांब, वेणी मात्र कमरेपर्यंत. “काय झालं गं?” तिने विचारलं, परत त्याच आवाजात. “काय न्हाय, सांडलं वाईच,” मीनाबाई म्हणाली आणि दुसरी तपेली भरून लांबूनच, पदराचं टोकसुद्धा लागणार नाही अशा बेताने, बादलीत ओतली. पाऊल पेटलं होतं. पण आज शुक्रवार होता, संयूचा तिसरा दिवस, आणि तिसऱ्या दिवसाला कुणी शिवत नाही.

कळंब्याच्या त्या गल्लीत हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. सन अठ्ठ्याण्णव उजाडलं, घरोघरी टीव्ही आला, तरी काही घरांत कावळा शिवला की पोरीने महिन्यातले चार दिवस मागं बसायचं, तांब्या-ताटली वेगळी, पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घरात यायचं. शेजारच्या घरात मीनाबाईची थोरली नणंद धोंडुबाई राहायची आणि तिचं लक्ष घारीसारखं. संयूला कॉलेजला जायची परवानगी होती, कारण कॉलेजच्या बाकड्याला विटाळ होत नाही असा निकाल धोंडुबाईनेच दिला होता. कुठून दिला हे विचारायची कुणाची टाप नव्हती. “घड्याळ हाय बघा आमची पोरगी,” ती चार बायकांत सांगायची, “तीन वर्सांत एक दीस पुढं न्हाय का मागं न्हाय.” मागंपुढं होणार कसं? भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला चार तारखांना मीनाबाईच पेन्सिलीने बारीक फुल्या मारायची. घरात लग्नकार्य बघून, परीक्षा बघून, सोयीने. संयूला पाळी कधी आलीच नव्हती. हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक आता नव्हतं, आणि उरलेल्या दोघींनी तीन वर्षांत हे वाक्य एकमेकींपाशी एकदाही उच्चारलं नव्हतं. कॅलेंडरवर फुली दिसली की पोर आपणहून घोंगडं उचलायची.

ह्या खेपेच्या फुल्या बुधवार ते शनिवार पडल्या होत्या, कारण रविवारी जयसिंगपूरची माणसं बघायला यायची होती. खताचं दुकान, दोन मजली घर, मुलगा अतुल एकुलता एक. स्थळ धोंडुबाईने आणलेलं. आणि सोमवारी सकाळी आठ वाजता संयूला दवाखान्यात न्यायचं होतं. धोंडुबाईला सांगितलं होतं, पोटात किरकोळ गाठ आहे. “इतवारी बघून जाऊ देत, सोमवारी गाठीचं उरकू. लगीन काय उद्या न्हाय,” तिने सगळं मार्गी लावून टाकलं. दवाखान्याचा कागद मीनाबाईच्या पिशवीत गेले आठ दिवस होता. खाली उजव्या कोपऱ्यात, पालकाची सही असं छापलं होतं तिथं, दवाखान्यातल्या माणसाने पेन्सिलीने फुली मारून दिली होती, बाईचा गोंधळ नको म्हणून.

कचेरीला जायच्या बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली तीही पाऊल नीट टेकता येणार नाही अशी. चपलेचा पट्टा बरोबर भाजलेल्या जागेवर घासत होता आणि प्रत्येक खड्ड्याला तिला तीन वर्षांपूर्वीचा वैशाख आठवत होता. आठवायचा नाही असं ठरवलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही. हंबीररावाला सुट्टी होती. त्याने पोरीला तळ्याच्या बांधावर नेलं आणि आपल्या दांडीच्या सायकलीवर बसवलं. घरी आली ती लंगडत. मांडीच्या आतल्या बाजूला पॅडल घुसून चांगलं बोटभर फाटलं होतं, रक्ताने फ्रॉक मागून भिजलेला. मीनाबाईने मोरीत नेऊन जखम धुतली, हळद दाबली. तो फ्रॉक बादलीत टाकायचा तेवढा राहिला आणि धोंडुबाई ताक मागायला आली. तिने फ्रॉक पाहिला, पोरीचं उतरलेलं तोंड पाहिलं, आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, “अगं बया! न्हाण आलं की पोरीला!” एवढंच म्हणायचं होतं मीनाबाईला, की न्हाय वन्सं, लागलंय. शब्द जिभेवर होता. पण त्याआधीच्याच दिवाळीत धोंडुबाईच्या लेकीला, प्रीतीला, न्हाण आलं होतं, वर्षाने धाकटी असून, आणि तेव्हापासून विहिरीवर, गिरणीवर, हळदीकुंकवाला एकच प्रश्न, थोरलीचं काय? थोरली का मागं राहिली? दाखवलं का कुणाला? त्या प्रश्नाने मीनाबाई इतकी मेटाकुटीला आली होती, की फुकट मिळालेलं उत्तर तिला टाकवलं नाही. ती गप्प बसली. खोटं ती बोललीच नाही; ही एक गोष्ट ती स्वतःला पुढं पुष्कळ दिवस समजावत होती.

मग काय, झाली वरात सुरू. मामाने हिरवं लुगडं आणलं, केळीचे खुंट बांधून मखर झालं, बायका गाणी म्हणायला लागल्या. फळांनी ओटी भरली तेव्हा मांडीवरची जखम ताणून संयूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बायका म्हणाल्या, लाजली गं पोर. फोटोवाल्यालाही बोलावलं होतं. त्याच फोटोची एक प्रत आता जयसिंगपूरला गेली होती. न्हाणाच्या आदल्या रात्री हंबीरराव अंथरुणावर उठून बसला. “मीने,” तो म्हणाला, “पोरीला लागलंय गं नुसतं.” ती म्हणाली, “गप बसा. येईल की आज न्हाय तर उद्या. कुणाला कळतंय?” तो म्हणाला, “आणि न्हाय आलं तर?” तिने कूस बदलली. पहाटे उठून केळीचे खुंट त्यानेच आणले. बायकोपुढं त्या माणसाचं कधी चाललं नाही, आणि ह्याचा तिला एके काळी अभिमान होता.

शाहूपुरीतल्या एका सरकारी कचेरीत मीनाबाई नवऱ्याच्या जागी शिपाई म्हणून लागली होती. काम सोपं, पायांचं. ह्या टेबलावरची फाईल त्या टेबलावर, मग साहेबांच्या केबिनमध्ये, मग परत. आज प्रत्येक खेपेला पाऊल बोंबलत होतं. साहेब सही करत होते. कारकून जिथं पेन्सिलीने फुली मारून देई तिथं साहेबांचं पेन आपोआप उतरायचं. वर काय लिहिलंय हे त्यांनी कधी वाचल्याचं तिला आठवत नव्हतं. ती बाजूला उभी राहून फायली सरकवत होती आणि तिच्या डोळ्यांपुढून मोठ्या डॉक्टरांचं टेबल हलत नव्हतं.

सुरुवात आवाजापासून झाली होती. संयूचा घसा बसला म्हणून ज्येष्ठमध झाला, अडुळशाचा काढा झाला, थंड पाणी बंद झालं. चार महिने घसा बसलेलाच. मग वरच्या ओठावर लव, मग जांघेत दुखणं. एका डॉक्टरने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने मोठ्या डॉक्टरांकडे. भला माणूस, आवाज चढवत नव्हता. त्यांनी विचारलं, पाळी कधी आली? आणि मीनाबाई धडाधड बोलून गेली, “तेराव्या वर्सी. वैशाखात. मोठं न्हाण केलतं की. मखर केलतं.” नियमित येते? “घड्याळ हाय.” डॉक्टरांनी लिहून घेतलं. शेजारच्या खुर्चीवर संयू आपल्या पायांच्या अंगठ्याकडे बघत बसली होती. तिने मान वर केली नाही. गिरणीवरच्या बायकांना सांगायचं ते डॉक्टरला कशाला सांगितलंस, असं मीनाबाईने स्वतःला नंतर शंभरदा विचारलं. पण खोट्याचंही वळण पडतं. बैल सांजचा आपल्या दावणीला येतो तशी जीभ तिथंच गेली. सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून झाल्यावर, गेल्या आठवड्यात, डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. “बाई, हिला गर्भाशयच नाही,” ते म्हणाले, “मग पाळी कुठून येईल?” त्यांनी ते ताणलं नाही. जांघेत दोन गाठी आहेत म्हणाले, मुलग्यांना असतात तसल्या. जन्मतःच हे असं असतं, कुणाचा दोष नाही. आता त्या जाग्या झाल्यात, म्हणून हा आवाज. काढून टाकू, पुढं त्यात काही वाईट व्हायला नको. मग गोळ्या देऊ, छाती भरेल, मुलगी म्हणून वाढवलीत, मुलगी म्हणून राहील. आवाज तेवढा राहणार. “आणि तिला हे सगळं सांगू नका. या वयात मन खचतं. गाठ आहे म्हणा. खोटं नाही ते.” खोटं नाही ते! मीनाबाईला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं.

बाहेर व्हरांड्यात एक तरुण डॉक्टरीण मागून आली, चष्मेवाली, सहीचा कागद देत. “मावशी, एक सांगू का? एवढी घाई नाहीये. वर्षा-सहा महिन्यांनी तपासत राहिलं तरी चालतं. पण काढलेलं परत बसवता येत नाही. तिला विचारलंत का?” मीनाबाई म्हणाली, “तिला काय कळतंय?” डॉक्टरीण म्हणाली, “तिच्याच अंगातलं आहे, मावशी.” त्या पोरीचा तेव्हा रागच आला होता. हिला कुठं जयसिंगपूरकरांना तोंड द्यायचंय? पण राग आठ दिवस टिकला नाही, ते वाक्य टिकलं. आणि रात्रंदिवस वेगळंच काही उगवत राहिलं. तळ्याच्या बांधावर दांडीच्या सायकलीवरून भन्नाट सुटलेली संयू. बाप गेल्यावर त्याचा शर्ट उशाला घेऊन झोपणारी संयू. “मी आलो,” “मी जेवलो,” असं बोलणारी. पण ते काय, कोल्हापुरात सगळ्याच पोरी तसं बोलतात. हिरव्या लुगड्यात, मखरात, अंगठ्याकडे बघत बसलेली. आपण पोरीकडं बघितलं कधी? बघितलं ते लोक तिच्याकडं कसं बघतात, तेवढंच.

दुपारी सवाबाराला ती मोठ्या कारकुनाच्या टेबलापाशी उभी राहिली. गणपतराव चष्मा कपाळावर चढवून डबा सोडत होते. “सायेब,” ती म्हणाली, “सही झालेली फाईल मागं घेता येती काय हो?”

“कुणाची फाईल?”

“नुसतं इचारती.”

“सही झाली की संपलं, मीनाबाई. मग ब्रह्मदेव आला तरी न्हाय.” त्यांनी भाकरी मोडली. “सहीच्या आदी काय करायचं ते करावं माणसानं. तोवर कागदच असतोय नुसता.”

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्जावर कारण लिहायचं होतं; तिने पाय भाजला असं लिहिलं. फार दिवसांनी कागदावर काहीतरी खरं उतरलं होतं.

घरी आली तेव्हा दोन वाजत आले होते. धोंडुबाईचं दार लोटलेलं. पडवीत संयू भिंतीला टेकून फिजिक्सचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, आणि तांब्याशेजारी हंबीररावाचा दाढीचा डबा उघडा होता. वरच्या ओठावर ताजं खरचटलेलं, रक्ताचा एक ठिपका. आई या वेळेला येईल असं तिला वाटलं नव्हतं. डबा झाकायला हात गेला, मग तसाच राहिला. मीनाबाईने पिशवी खाली ठेवली आणि घोंगड्यावर बसायला लागली.

“आई, शिवू नको,” संयूने झटकन पाय आखडले, “तिसरा दीस हाय.”

“कुठला तिसरा दीस गं,” मीनाबाई म्हणाली, आणि बसली.

मागच्या परड्यात कुणाचीतरी कोंबडी चरत होती. तिचा पाला उकरल्याचा आवाज येत राहिला. मीनाबाईला पुढचं बोलायचं होतं, पण तीन वर्षं गिळलेलं वाक्य वर येताना घसा सोलतं. “डाक्टरांनी गाठ म्हनून सांगाय सांगितलंय,” ती म्हणाली. “पन ती नुसती गाठ न्हाय, संयू. तुला… तुझ्या पोटात…”

“गर्भाशय न्हाय. ठाऊक हाय मला.”

“कुणी सांगितलं?”

“तू रिपोर्ट पिशवीत ठेवलीस की. इंग्रजीत हाय म्हनून उघडा ठेवलीस. अकरावी सायन्सला हाय गं मी.” ती हसल्यासारखी झाली. “कॉलेजच्या लायब्रीत जाऊन बाकीचं वाचलो. दोन दिवस लागले. त्या गाठी कसल्या तेबी कळलं.”

रिपोर्ट येऊन तीन आठवडे झाले होते. “मग बुधवारी बसलीस कशाला हितं? सगळं ठाऊक असून?”

संयूने पुस्तकाचं पान दुमडलं, उलगडलं. “फुली दिसली. मी न्हाय बसलो तर आत्ती तुला बोलंल, म्हनून बसलो. तेराव्या वर्सापास्नं तुझ्यासाठीच बसतोय की.” मग आवाज आणखी खाली नेत, “पैल्यांदा वाटायचं, मलाच कायतरी लपवाय लागतंय. मीच खोटी हाय. दर महिन्याला वाटायचं, ह्या खेपंला खरंच आलं तर आई सुटंल.”

आता रडायला हवं होतं, पण मीनाबाईला रडू आलं नाही. लाज वाटली, नुसती नागवी लाज. भरल्या बाजारात आपलं लुगडं आपणच सोडावं तशी. तिने पिशवीतून कागद काढून संयूपुढं ठेवला. संयूने तो सावकाश वाचला, बोट ओळीखालून फिरवत. “ह्यात माझं नाव तीनदा हाय,” ती म्हणाली. “सही माझी कुठंच न्हाय.”

“म्या अजून केली न्हाय.”

“दिसतंय.”

“सोमवारी जायाचं का न्हाय, तू सांग. तू म्हनशील तसं.”

पोरीने कंपासपेटीतली पेन्सिल उचलली, खाली ठेवली, खोडरबर उचललं आणि त्या फुलीवर एकदा, दोनदा, कागद फाटणार नाही अशा बेताने घासलं. “मला ठाऊक न्हाय अजून,” ती म्हणाली. “पोरगी म्हनून ऱ्हायाचं, का पोरगा, का हाय तसंच. कदी कदी वाटतं आबांसारखं व्हावं. कदी भ्या वाटतं. पन ती मखरातली मी न्हवं, एवढं ठाऊक हाय. बाकीचं कळस्तोवर कुणी काय काढू नका माझ्यातलं. तपासाय मी येतो की दर सा म्हैन्याला. त्या चष्मेवालीकडं.”

“तुलाबी बोलली काय ती?”

“आपलं नाव तेवढं सांगून गेली. म्हनाली, कदीबी ये.” आणि मग तिचं लक्ष खाली गेलं. “आई, पायाला काय झालं?”

सकाळचं भाजलेलं टरारून फुगलं होतं. चपलेच्या पट्ट्याने एक फोड फुटून सालटी लोंबत होती. “पानी सांडलं. तू हाक मारलीस न्हवं. मला वाटलं, तुझं आबा.” संयूने ते पाऊल उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतलं. डब्यातल्या कापसाने पुसलं, आत जाऊन खोबरेल आणलं. तिसरा दिवस, घोंगडं, वेगळा तांब्या, सगळं ओलांडून आत गेली आणि आली, आणि तिला त्याचं भानही नव्हतं. तिच्या मोठ्या, हाडकुळ्या बोटांचा स्पर्श मीनाबाईला नवखा वाटला. महिन्यातले चारच दिवस दूर ठेवायचं म्हणून ठेवलेली पोर बाकीचे दिवसही किती लांब गेली होती, हे तिला आत्ता कळत होतं.

“मीने, अगं आलीस व्हय लवकर? ही बघ जरीची साडी, इतवारी हीच नेसवू तिला…” बोलत बोलतच धोंडुबाई परड्याच्या फाटकातून आत आली आणि थबकली. मांडीवर पाऊल, उघडा दाढीचा डबा, तेलाची बाटली. “अगं अगं अगं! शिवलीस की तिला! तिसरा दीस न्हवं का तिचा?”

मीनाबाईला पाऊल ओढून घ्यावंसं वाटलं. तीन वर्षांची सवय पायातसुद्धा होती. आता गल्ली, गिरणी, विहीर, सगळं त्या फाटकात उभं होतं, जरीची साडी हातात घेऊन. जयसिंगपूरला निरोप धाडावा लागेल. प्रीतीच्या लग्नात काय काय ऐकावं लागेल. तिने तोंड उघडलं तेव्हा शब्द तिचे नव्हतेच, त्या रात्री अंथरुणावर उठून बसलेल्या माणसाचे होते.

“तिला न्हाण आलंच नव्हतं कदी, वन्सं,” ती म्हणाली. “सायकलवरनं पडलती. लागलतं नुसतं.”

धोंडुबाईच्या हातातली साडी हळूहळू उलगडत जमिनीला टेकली. संयूने मान वर केली, आईकडे पाहिलं, आणि परत खाली घातली. मांडीवरचं पाऊल तिने सोडलं नाही.